मँचेस्टर ते मियाटा, व्हाया इचलकरंजी

तर झालं असं, की एका शनिवारी सकाळी इचलकरंजीला घरी होतो, चहा चालला होता आणि मिशिगनमधून मित्राचा व्हिडिओ कॉल आला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त. फोन उचलल्या उचलल्या ओरडला, "भावा, एलएसडी मिळाली! भंगारवाल्याकडं. लई स्वस्तात!"

स्वयंपाकघरातून आईची मान बाहेर आली.

"अगं, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. गाडीचा पार्ट आहे," मी घाईघाईनं सांगितलं. मान आत गेली, पण संशय काही पूर्ण गेला नाही. :-)

मित्राकडे १९९२ची माझदा मियाटा आहे. एमएक्स-५ म्हणतात ती हीच. १९८९ साली आलेली, दोन सीटची, उघड्या टपाची छोटीशी स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. हा पठ्ठ्या रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये रबरी शंकू लावून भरवतात त्या ऑटोक्रॉसला जातो. तिथं प्रत्येक वळणावर त्याचं एकच रडगाणं. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की आतलं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं, धूर काढतं आणि गाडी पुढं काही जात नाही. यावर औषध एकच, मूळचं साधं डिफरन्शियल काढून तिथं एलएसडी बसवायची. मियाटावाल्यांमध्ये हा बदल इतका नेहमीचा आहे, की आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलतात तसं.

कॉल चालू असताना सोफ्यावर मामा पेपर वाचत बसले होते. मामा म्हणजे सहकारी सूतगिरणीत तीसेक वर्षं फिटर, तेही सिंप्लेक्स खात्यात. आता रिटायर. फोनवर मित्रानं तो काळपट लोखंडी भोपळा फिरवून दाखवला तसा त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आरं, हे तर आमच्या सिंप्लेक्समधलं हाय की. डिफरन्शियल."

मी हसलो. सूतगिरणीत कुठलं आलंय डिफरन्शियल? मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत गेलेला माणूस मी. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात एपिसायक्लिक गिअर ट्रेनचं टेबल मांडून मार्क मिळवलेले. डिफरन्शियल म्हणजे गाडीचं, एवढं पक्कं डोक्यात.

तो शनिवार-रविवार मग वाचण्यात गेला. आणि चूक माझी होती, मामांची नव्हती.

*

आधी डिफरन्शियल लागतं कशाला ते बघू. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरा. गाडी एक पूर्ण गोल फिरली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ × ३.१४ × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे गोल छोटा असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला घट्ट बसवली तर ती एकाच वेगानं फिरणार, मग एका चाकाला फरफटत जावं लागणार. टायर झिजतो, एक्सलवर पीळ येतो आणि गाडी वळायला कुरकुर करते.

डिफरन्शियलमध्ये गिअरची अशी जुळणी असते, की इंजिनकडून आलेला वेग हा दोन चाकांच्या वेगांची सरासरी राहतो. एक चाक जेवढं हळू होईल तेवढंच दुसरं जोरात फिरतं. आणि पीळ, म्हणजे टॉर्क, दोघांना कायम समान मिळतो. ही 'समान वाटणी' लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच आहे.

थोडक्यात काय, तर डिफरन्शियल म्हणजे बेरीज-वजाबाकी करणारं लोखंड. दोन वेग घ्या, त्यांची बेरीज तिसऱ्या ठिकाणी काढा. किंवा एक वेग घ्या आणि दोघांत फोडा. मोटारीत फोडतात. सिंप्लेक्समध्ये बेरीज करतात.

*

आता सिंप्लेक्स. कापसाचं सूत एकदम होत नाही. ब्लोरूम, कार्डिंग, ड्रॉ फ्रेम असं करत करत मनगटाएवढा नाही तरी बोटाएवढा जाड, भुसभुशीत पेळू तयार होतो. त्याला ओढून बारीक करायचं, हलका पीळ द्यायचा आणि बॉबिनवर गुंडाळायचं, हे काम सिंप्लेक्सचं. त्यातून निघतं ते रोव्हिंग, समईच्या वातीसारखं. तेच पुढे रिंग फ्रेमला जातं आणि त्याचं सूत होतं.

या मशीनची अडचण अशी. पुढच्या रोलरमधून माल एकाच वेगानं बाहेर येतो. समजा मिनिटाला २० मीटर. फ्लायर मिनिटाला १००० फेरे मारून मीटरला ५० पीळ देतो. बॉबिन फ्लायरपेक्षा थोडी जास्त फिरते आणि त्या 'थोड्या जास्त'मध्ये माल गुंडाळला जातो. रिकामी बॉबिन ४५ मिलिमीटर व्यासाची धरली, तर एका वेढ्यात साधारण १४१ मिलिमीटर माल बसतो. म्हणजे तिला मिनिटाला १४१ फेरे जास्त हवेत, एकूण ११४१. पण थरावर थर चढत बॉबिन १५० मिलिमीटरची झाली की एका वेढ्यात ४७१ मिलिमीटर माल जातो. आता फक्त ४२ फेरे जास्त हवेत, एकूण १०४२.

म्हणजे प्रत्येक थराला बॉबिनचा वेग नेमका, अगदी नेमका, कमी व्हायला हवा. जरा जास्त राहिला तर वात ताणून तुटते. जरा कमी झाला तर लोंबकळते. वातीत पीळच इतका कमी असतो, की ती चूक अजिबात सहन करत नाही.

यासाठी दोन शंकूच्या आकाराचे ड्रम आणि त्यांच्यावरून सरकणारा पट्टा असायचा. एक थर पुरा झाला की पट्टा एक दात सरकायचा आणि वेग बदलायचा. पण सगळ्या बॉबिनांचं ओझं त्या पट्ट्यावर टाकलं तर तो घसरणार. इथंच डिफरन्शियल येतं. ११४१ पैकी १००० फेऱ्यांचा मोठा वाटा मुख्य शाफ्टकडून गिअरमधून सरळ, न घसरता येणार. पट्ट्यानं फक्त वरची दुरुस्ती पुरवायची. दोन्हींची बेरीज डिफरन्शियल करणार आणि बॉबिनला देणार.

कागदावर हे लिहून झालं आणि मामांना दाखवलं. म्हणाले, "मग? तेच तर म्हणत होतो."

*

आता इतिहास. आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा आपल्या गावाला बराच जवळचा निघाला.

१८२३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एझा अर्नोल्डनं कापसाच्या रोव्हिंगच्या मशीनसाठी डिफरन्शियल बनवलं. १८२६ साली मँचेस्टरच्या हेन्री हाउल्ड्सवर्थनं तशाच गोष्टीचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. अर्नोल्डची कल्पना कुणीतरी समुद्रापलीकडे नेली, ही तक्रार अमेरिकेत पुढं बरीच वर्षं चालली. (म्हणजे आपल्या धंद्यातली कॉपी-पेस्टची भांडणं फार जुनी आहेत.) गिरणीतल्या इंग्रज कामगारांनी या डब्याला 'जॅक-इन-द-बॉक्स' असं नाव ठेवलं होतं.

१८२८ साली पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्योरनं वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. मोटारीच्या इतिहासात सगळे याच्यापासून सुरुवात करतात. मलाही हेच एक नाव माहीत होतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो रिचर्ड रॉबर्ट्स. मँचेस्टरचा. १८२२ साली त्यानं बिडाच्या सांगाड्याचा, अचूक भागांचा पॉवरलूम बनवला. भरवशाचा आणि कारखान्यात भरभर बनवता येण्याजोगा लूम तो. १८२५ साली त्यानं स्वतः चालणाऱ्या सूतकताईच्या म्यूलचं पहिलं पेटंट घेतलं. आणि याच माणसानं १८३२ साली रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं! नाव दिलं 'गिअर ऑफ कॉम्पेन्सेशन'.

जरा थांबून बघा. पॉवरलूमला वळण लावणारा माणूस आणि रस्त्यावरच्या गाडीत डिफरन्शियल आणणारा माणूस एकच. आपल्याकडं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला पॉवरलूम बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा त्याला आधार होता. मग माग वाढत गेले, गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणायला लागले, मागांना सूत पुरवायला सहकारी सूतगिरण्या आल्या आणि सिंप्लेक्स खात्यात मामांसारखे फिटर लागले. मँचेस्टर हे नाव आपण नुसतं मिरवायला घेतलंय असं मला वाटायचं. ते तसं नाही. आपल्या मागाची आणि मोटारीच्या मागच्या एक्सलची सोयरीक त्या मँचेस्टरातच जुळलेली आहे.

पुढचा प्रवास भरभर. १८७७ साली कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली दोघांनी शेजारी बसून चालवायची सायकल मुलाबरोबर चालवत होता. मुलाचे पाय जोरात, बापाचे हळू, त्यामुळं सायकल सारखी एका बाजूला ओढायची. असं सांगतात की दोघं रस्त्याकडेच्या खाजकुयरीत जाऊन पडले. त्यातून त्यानं सायकलीला डिफरन्शियल लावलं. कार्ल बेंझनं १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत ते होतंच. नंतर मोटारीतून ते कधी गेलंच नाही. अॅम्बॅसिडर, फियाट, कॉन्टेसा, मुंबईची काळीपिवळी, सगळ्यांच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी भोपळा लटकायचा, तो हाच.

*

आता समान वाटणीचा घोळ.

समजा एक चाक कोरड्या डांबरावर आहे. ते घसरायच्या आधी ७०० न्यूटन-मीटर पीळ सोसू शकतं. दुसरं वाळूवर आहे, ते फक्त १००. साधं डिफरन्शियल दोघांना समान देणार. वाळूवरचं चाक शंभरापलीकडं पीळ घेतच नाही, ते फिरायला लागतं. म्हणून डांबरावरच्या चाकालाही शंभरच. एकूण दोनशे. आठशेची ऐपत असलेली गाडी दोनशेवर अडकली. म्हणजे कमजोर बाजू ठरवते, तेवढंच दुसऱ्याला मिळतं. वळणात गाडी बाहेर कलते, आतलं चाक हलकं होतं आणि मित्राच्या मियाटाला नेमकं हेच होत होतं.

यावर पहिला मोठा इलाज झाला तो रेसिंगसाठी. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शेनं आखलेल्या जर्मन ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे होतं आणि ताकद अफाट. १९३६च्या टाइप सीला सोळा सिलिंडर, सहा लिटर आणि ५००च्या वर हॉर्सपॉवर! टायर मात्र सायकलचे थोरले भाऊ वाटावेत असे बारीक. असं सांगतात की ताशी १५० किलोमीटरच्या वर वेग असतानाही चाकं जागच्या जागी फिरायची. १९३५ साली पोर्शेनं झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीला काम दिलं, की डिफरन्शियल ठेवा पण त्याला हवं तेवढं सुटू देऊ नका. त्यातून सरकत्या खुंट्यांचं, घर्षणावर चालणारं एलएसडी तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात तेच फोक्सवॅगनच्या लष्करी क्युबेलवॅगनमध्ये चिखलासाठी गेलं. रेसिंगमधली वस्तू काही वर्षांत चिखलात जाते, हे मला फार आवडलं.

१९५६ साली अमेरिकेत पॅकार्डनं क्लच प्लेटवालं एलएसडी नेहमीच्या गाडीत दिलं. लगेच पुढच्या वर्षी शेव्हरलेनं 'पॉझिट्रॅक्शन' आणलं. १९५८ साली व्हर्नन ग्लीसमननं वेगळीच युक्ती पेटंट केली. वर्म गिअरची अशी रचना, की एक चाक पळायला लागलं की गिअर आपणहून एकमेकांत आवळतात. पुढं १९८२ पासून ग्लीसन कंपनीनं ती 'टॉर्सन' नावानं बाजारात आणली, म्हणजे 'टॉर्क सेन्सिंग'. मित्राला भंगारात मिळालं ते हेच, १९९४च्या १.८ लिटर मियाटातलं.

टॉर्सनचं गणित सोपं आहे. कमजोर चाकाला जेवढा पीळ, त्याच्या काही पट भक्कम चाकाला. अडीच पट धरा. वरच्या उदाहरणात १०० अधिक २५०, म्हणजे ३५०. दोनशेच्या जागी साडेतीनशे. पण कमजोर चाक पूर्ण हवेत असेल तर? शून्याच्या अडीच पट शून्यच. त्यावर अमेरिकन लष्कराच्या हमवी चालवणाऱ्यांना एक युक्ती शिकवतात. अॅक्सिलरेटर दाबून ठेवा आणि डाव्या पायानं हलकासा ब्रेक लावा. ब्रेकमुळं हवेतल्या चाकाला थोडा पीळ 'दिसतो', मग दुसऱ्याला त्याच्या पटीत मिळतो.

हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "यात काय नवीन? ऊसवाले रोज करतात."

खरंच की! ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. भरलेली ट्रॉली घेऊन फडातून निघताना काळ्या रानात एक चाक रुतलं आणि फिरायला लागलं, की ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतो. नाहीतर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबतो, मग पीळ दुसऱ्या चाकाकडं जातो. आजच्या महागड्या गाड्यांत 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा हेच. सेन्सर बघतो, कॉम्प्युटर ब्रेक मारतो. २०२०च्या थारमध्ये ही सोय आहे, शिवाय मागे यांत्रिक लॉकही मिळतं. शिरोळच्या ट्रॅक्टरवाल्याच्या पायात होता तो अल्गोरिदम आता चिपमध्ये गेला.

आणि कोल्हापुरात ज्या गो-कार्टवर पोरं रेसिंग शिकतात, त्यात तर डिफरन्शियल नसतंच! मागचा एक्सल एक सलग दांडा. मग वळते कशी? पुढची चाकं अशी कललेली असतात, की स्टिअरिंग फिरवलं की फ्रेम पिळते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. उरतं एकच चाक, मग भांडण कुणाशी? म्हणजे साधं, लॉक, एलएसडी, काहीच नाही, ही सगळी उत्तरं कुठं ना कुठं बरोबर आहेत. एकानं दुसऱ्याला हरवलं असा हा इतिहास नाही. काम काय आहे त्यावर ठरतं.

*

आता मित्राच्या भोपळ्याकडे. नुसते आतले गिअर काढून जुन्या घरात बसवता येत नाहीत, कारण १.६ लिटर गाडीचा क्राऊन सहा इंची आणि १.८चा सात इंची. म्हणून अख्खं डिफरन्शियल, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट आणि मधला प्रॉपेलर शाफ्ट, सगळंच १.८चं लागतं. काम तसं सरळ आहे. गाडी चार स्टँडवर घ्या, तेल काढा, शाफ्ट सोडवा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी अॅल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवा, जुनं उतरवा, नवं चढवा. मित्रानं रविवार धरला होता.

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाळ, तेल काढलंस का त्यातलं?"

"नाही मामा, नवीनच टाकणार आहे ना."

"आधी जुनं बघ. दोन बोटांत घेऊन चोळ. आणि बुचाला लोहचुंबक असंल, त्यावर काय हाय ते दाखव."

मित्रानं बूच उघडलं. चुंबकावर राखाडी मलमासारखा थर होता. "ते असू दे, ते नेहमीचं," मामा म्हणाले. "आता बोटं उजेडात धर." बोटांवर चंदेरी, लांबट कपच्या चमकत होत्या. भुकटी नव्हे, कपच्या.

"बेरिंग गेलंय. बसवू नकोस."

मित्र हिरमुसला. माझ्यासमोर म्हणाला नाही, पण मला नंतर मेसेज केला, की सूतगिरणीतल्या माणसाला टॉर्सनमधलं काय कळणार. तरी त्यानं ते एका मशीन शॉपमध्ये उघडून घेतलं, हे त्याचं मोठेपण. पिनियनचं बेरिंग खड्डे पडून सोललं होतं. तसंच बसवलं असतं आणि वेगात ते जाम झालं असतं, तर दोन्ही मागची चाकं एकदम अडकली असती. आणि उघड्या टपाच्या गाडीत पुढं काय, ते लिहीत नाही.

बेरिंग बदललं म्हणजे पिनियन हलला. मग शिम घालून त्याची खोली पुन्हा धरायची, दातांना रंग लावून ते एकमेकांवर नेमके कुठं टेकतात ते बघायचं, आणि दातांमधला प्ले मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आणायचा. यात दोन आठवडे गेले. मामांनी दातांवरच्या रंगाचे फोटो मागवून घेतले आणि नातवाच्या मार्कशीटसारखे झूम करून बघितले.

शेवटी बसलं. पुढच्या ऑटोक्रॉसचा व्हिडिओ आला तो बिनधुराचा. वळणातून गाडी सुटली ती सरळ. एकच गंमत राहिली. जुन्या एक्सलचं गिअर रेशो ४.३ होतं, नव्याचं ४.१. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळं काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ वर असते. पोलिसानं धरलं तर हे कारण चालत नाही म्हणे. :-)

*

इथंच संपवणार होतो. पण मामांनी मध्येच एक प्रश्न विचारला, तो डोक्यातून जात नाही.

मी त्यांना नवीन सिंप्लेक्सचे व्हिडिओ दाखवत होतो. आता त्यात शंकूचे ड्रम नाहीत, पट्टा नाही, डिफरन्शियलही नाही. रोलरला वेगळी मोटर, फ्लायरला वेगळी, बॉबिनला वेगळी, बॉबिन वरखाली करायला वेगळी. बॉबिनचा व्यास किती झाला याचा हिशोब कंट्रोलर करतो आणि वेग ठरवतो. गाड्यांतही तेच चाललंय. २०२१च्या टेस्ला मॉडेल एस प्लेडला मागच्या दोन चाकांना दोन मोटर आहेत, मध्ये डिफरन्शियलच नाही. गिरणीत जन्मलेली वस्तू गिरणीतून आणि मोटारीतून एकाच वेळी निघून चालली आहे, आणि दोन्हीकडं तिची जागा आमच्या जातीच्या लोकांनी घेतली आहे. म्हणजे प्रोग्रामरांनी. मी जरा अभिमानानंच सांगितलं.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लाईट गेली तर?"

"म्हणजे?"

"आमच्या मशीनला सगळं एकमेकात दातानं अडकलेलं. लाईट गेली तर सगळं एकदम हळू होत थांबायचं, धागा तुटायचा न्हाई. ह्या चार मोटरी चार घरच्या. एक आधी थांबली, एक नंतर, तर सगळ्या वाती तुटणार की."

मला उत्तर माहीत नव्हतं. शोधलं. या मशीनच्या डिझायनरांना हा प्रश्न पडलेला होता. लाईट गेली की फिरणाऱ्या भागांमध्ये साठलेल्या ऊर्जेतूनच वीज काढून कंट्रोलर जिवंत ठेवतात आणि चारही मोटरी एका तालात उतरवत थांबवतात. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो, वेगळं टेस्टिंग करावं लागतं. मामांच्या डिफरन्शियलला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या दातांतच होतं.

मामांच्या गिरणीतली जुनी सिंप्लेक्स मशिनं वजनावर भंगारात गेली. मिशिगनच्या भंगारवाल्याकडं निदान कुणीतरी डिफरन्शियल शोधत येतं. इथं कोण येणार होतं? पण पुढच्या वेळी ऑफिसात कुणी जुनी सिस्टीम बंद करून नवी लिहायला घेतली, तर पहिला प्रश्न मी मामांचा विचारणार आहे. 'लाईट गेली तर?' जुन्या यंत्राला काय काय येत होतं, याची यादी त्याच्या मॅन्युअलमध्ये सगळी नसते. ती त्याच्यापाशी तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाकडं असते आणि तो सोफ्यावर पेपर वाचत बसलेला असतो.

असो. मित्राला आता क्लचही बदलायचा आहे. कॉल करायच्या आधी त्यानं विचारलं, "मामा घरी आहेत ना?"